कोड आक्काकडे आहे

देवळाली प्रवरा
५ सप्टेंबर २०२४

आक्कांना धनश्रीचा नमस्कार.

पत्र बघून तुम्ही दचकाल. लग्नाला पाच वर्षं झाली, मी तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. पण हे फोनवर बोलण्यासारखं नाही. इथे माहेरी आई सतत आसपास असते, आप्पा ओट्यावर बसलेले असतात, आणि तुम्हाला फोन केला की भाऊजी जवळच असतात. शिवाय काही शब्द मला तोंडाने उच्चारता येत नाहीत, लिहिता कदाचित येतील. म्हणून तुमच्या अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवते आहे. वाचून झालं की फाडून टाका.

मी निकूला घेऊन इथे आले, त्यामागे तुम्ही काही भांडण समजत असाल. भांडण झालेलं नाही. आक्का, तुमच्या भावाला मोबाईलवरचे घाणेरडे व्हिडिओ बघायची सवय आहे. कधीमधी नव्हे. मलाही आधी वाटलं, पुरुष बघत असतील, संसारात पडल्यावर कमी होईल. पण हे जेवता जेवता उठून बाथरूममध्ये जातात आणि ताट वाळून जातं. पोटच्या पोरीला, निकूला, मांडीवर घेतलेलं असतं आणि कानात इयरफोन असतो. मागच्या महिन्यात कंपनीत मशीन चालू ठेवून रॅकच्या मागे बघत बसले होते. सुपरवायझरने सगळ्यांदेखत हातातून मोबाईल काढून घेतला. नोकरी वाचली, दुसऱ्या खात्यात टाकलं. पण तिथेही गोष्ट पोचली. तिथली माणसं आता ह्यांना नावाने हाक मारत नाहीत, वेगळंच काहीतरी म्हणतात.

माझ्याशी तर दोन वर्षांत धड बोलणं नाही. जवळ आले तर मला त्या व्हिडिओतल्या बायकांसारखं वागायला सांगतात. यापुढचं लिहवत नाही.

ह्यांनी स्वतःच एक अ‍ॅप शोधून काढलंय. ते मोबाईलमध्ये टाकलं की असलं सगळं बंद होतं. ते उघडायचं तर कोड लागतो, आणि तो कोड आपल्या ओळखीच्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर ठेवायचा असतो. त्याला साथीदार म्हणतात. कुलूप उघडलं की साथीदाराला मेसेज जातो. मला साथीदार करायला हे तयार नाहीत. म्हणाले, "तू मग बायको राहणार नाहीस, पोलीस होशील." मित्रांची लाज वाटते. शेवटी तुमचं नाव घेतलं. तुम्हाला सांगायचं काम मात्र माझ्यावर टाकलं.

नाही म्हणू नका.

धनश्री


पाथर्डी
१४ सप्टेंबर

धनश्रीस आशीर्वाद.

पत्र फाडलं न्हाई, चुलीत घातलं. मी बोलते तशीच लिहिते, चुका काढू नको.

माझा भाऊ दारू पीत न्हाई, पत्ते खेळत न्हाई, कुनाच्या बाईकडं मान वर करून बघत न्हाई. आई-बाप कारखान्यावर ऊस तोडायला गेले की दिवाळीपासून पाडव्याच्या पुढपर्यंत आमी दोघंच घरी. मी अकरा वर्षाची, त्यो चार वर्षाचा. चुलीपुढं माझं तोंड पोळायचं, पन त्याला मी कदी शिळी भाकर दिली न्हाई. त्याच्याबद्दल तू मला काय सांगतीस?

तुमच्या दारात ऊस उभा आन् आमी तोडनारे, हे तुज्या आप्पांनी आमाला कदी इसरू दिलं न्हाई. आता मोबाईलचं निमित्त सापडलं. मोबाईलमदी सगळी दुनियाच बघती. घरात बसून बघतोय, बाहेर तर जात न्हाई ना? निकूला घे आन् गुमान नगरला जा. बाई माहेरी बसल्यावर पुरुषानं काय करायचं?

राजेश्वरी


देवळाली प्रवरा
२३ सप्टेंबर

आक्का,

मी माहेरी आले ती परवाच्या गौरीच्या आधी. हे सगळं त्याच्या कितीतरी आधीपासूनचं आहे.

आप्पांना मी यातलं अक्षर सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते मला पुन्हा नगरला पाठवणार नाहीत. मला जायचं आहे. ह्यांच्याशी लग्न मी आप्पांचा अबोला सोसून केलं, तुमच्या घरातलं कोण कुठे ऊस तोडायला जातं ते मला तेव्हाही माहीत होतं. ह्यांना सोडायचं असतं तर मी तुम्हाला कशाला लिहीत बसले असते? सरळ वकिलाकडे गेले असते.

भाऊबीजेला हे तुमच्याकडे येतील. समोर बसवून विचारा. माझं खोटं निघालं तर मी पाया पडून माफी मागेन.

धनश्री


पाथर्डी
७ नोव्हेंबर

धनश्रीस आशीर्वाद.

भाऊबीजेला अमृत आला हुता. ओवाळून झालं, ताटात करंजी दिली, आन् मग इचारलं. म्हनलं, धनश्री अशी अशी सांगती, खरं का? त्यानं करंजी ताटात ठिवली. मग म्हनला, "आक्का, ती खोटं बोलत न्हाई. तिनं निम्मंच सांगितलं असंल."

मी तुला नको ते बोलले. मोठी हाय म्हनून माफी मागवत न्हाई, पन तू समजून घे.

ते अ‍ॅप त्यानं माज्या फोनमदी टाकून दिलं. कसं उघडायचं, मेसेज कुटं येतो, समदं दावलं. म्हनला, "मी कितीबी मागितला तरी कोड देऊ नको. रडलो तरी देऊ नको."

मी म्हनलं, "लहानपनी जेवनाआदी गूळ मागायचास, तवा देत हुते का मी?"

तर हसला. म्हनला, "द्यायचीस की."

त्याला हसताना बघून लई दिवस झालते. आता तू ये. पोर बापाजवळ असावी.

राजेश्वरी


नगर
२२ डिसेंबर

आक्कांना नमस्कार.

इथे येऊन महिना होऊन गेला. लिहायला वेळच झाला नाही, कारण मला सावेडीत एका लॅबमध्ये काम मिळालं. रक्ताचे नमुने घ्यायचे, नावं टाकायची. सकाळी लवकर जाते, दुपारी घरी. ह्यांची पाळी दुपारनंतरची, त्यामुळे सकाळी निकू ह्यांच्याकडे असते. ती आता पाटीवर रेघा मारते आणि तुमचं नाव विचारलं की "आत्या अंगणवाडी" म्हणते.

हे बरे आहेत असं वाटतं. मोबाईल टेबलावर उघडा पडलेला असतो. परवा भाजी आणायला तिघं पायी गेलो, येताना निकू ह्यांच्या खांद्यावर झोपली. मला घाबरायला होतं, आक्का, इतकं बरं चाललंय. कधी कधी हे उगाच चिडतात, ताट ढकलतात, मग एकदम शांत होतात. शांत झाले की मला जास्त भीती वाटते. का ते सांगता येत नाही.

तुमच्या फोनवर काही मेसेज आला का? आला असेल तर मला कळवा. मी भांडणार नाही. मला फक्त माहीत असायला हवं.

धनश्री


पाथर्डी
४ जानेवारी २०२५

धनश्रीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. निकू पाटीवर रेघा मारती हे वाचून लई बरं वाटलं. हिकडं गाव रिकामं झालंय, निम्मी घरं तोडीला गेली. अंगनवाडीत दोनचारच पोरं येत्यात. त्यातल्या एकीची आजी तिला दारात सोडून जाती आन् न्यायला यायचं इसरती, मग मीच घरी न्हेऊन सोडते. तुज्या भाऊजींच्या जीपचं काम निघालंय, त्यांची चिडचिड चालू हाय. बोरं लई लागलीत औंदा, कुनी येनारं भेटलं तर पाठवते.

मेसेजचं म्हनशील तर तसं काय न्हाई. हिकडं रेंजबी नसती धड. तू सारखं त्याला खोदू नको. एवढा सुधारलाय तर जरा मोकळं सोड. निकूला गोड पापा.

राजेश्वरी


देवळाली प्रवरा
१६ फेब्रुवारी

आक्का,

निकू भाजली, हे तुम्हाला कळलं आहे. कशी, ते कोणी सांगितलं नसेल.

त्या सोमवारी मी लॅबमध्ये होते. निकूला अंघोळ घालायची म्हणून अमृतने मोरीत बादलीत पाणी गरम करायची कॉइल लावली आणि तो आतल्या खोलीत गेला. आतून कडी लावली. कानात इयरफोन. पाणी उकळत राहिलं. निकूने बादलीचा काठ धरून ओढला.

शेजारच्या ज्योतीवहिनींनी ओरडणं ऐकलं. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी आधी कॉइलचं बटण बंद केलं, निकूला उचलून नळाखाली धरलं आणि मग आतलं दार बडवलं. त्या मला म्हणाल्या, "धनश्री, मला वाटलं घरात कोणीच नाही." मग दार उघडलं. एका कानात इयरफोन तसाच होता.

उजवा हात कोपरापर्यंत भाजला आहे, आणि मांडी. बोटं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये पट्ट्या घालतात. ड्रेसिंग बदलताना तिला दोघीजणी धरतात. काल ती ओरडून ओरडून थकली आणि मध्येच गप्प झाली, तर नर्सच घाबरली.

दवाखान्यात अमृतचा मोबाईल माझ्या पिशवीत राहिला होता. मी अ‍ॅप बघितलं. कुलूप उघडं होतं. खाली लिहिलं होतं, साथीदाराच्या कोडने उघडले. त्याच्या आधीही तेच. त्याच्याही आधी. डिसेंबरच्या सुरुवातीपासून.

मी तुम्हाला डिसेंबरातच विचारलं होतं. तुम्ही मला बोरांचं लिहून पाठवलंत. मला कळलं असतं तर मी पोरीला त्याच्याजवळ एकटी सोडून कामावर गेले नसते. दुसरं काहीही घडलं असतं, हे घडलं नसतं.

मी इथे आले आहे. आप्पांना सगळं सांगितलं. उत्तर पाठवू नका.

धनश्री


पाथर्डी
२४ फेब्रुवारी

धनश्री,

नको म्हनलीस तरी लिहिते. वाचू नको वाटलं तर वाचू नको.

व्हय, मी दिला कोड. पयल्यांदा म्हनला, कंपनीच्या ट्रेनिंगचा व्हिडिओ उघडत न्हाई. मी खरं धरलं. दुसऱ्या बारीला नुसता रडत हुता. कोड पायजे असंबी म्हनला न्हाई, "आक्का, आक्का" एवढंच. तवा मला कळलं हुतं कशासाठी ते. तरी दिला. त्याच्या पुढं मग इचारायचंच सोडून दिलं.

मला वाटायचं, एवढा दिला की गप होईल, कामावर जाईल. तुला कळलं तर तू निघून जाशील आन् त्याचं घर मोडंल. घर मोडू नये म्हनून मी खोटं लिहिलं. आता कुनाचं काय राहिलं ते दिसतंच हाय.

निकूला दाखल केलं तवा मी दवाखान्यात आले हुते. काचेतून निकूला बघितलं. तू बाकावर बसल्या बसल्या झोपली हुतीस. तुला उठवायचा धीर झाला न्हाई. तशीच जिना उतरून परत आले.

अमृत माज्याकडं हाय. कामावर जात न्हाई.

राजेश्वरी


पाथर्डी
१८ एप्रिल

धनश्री,

तुजं उत्तर न्हाई, मी वाट बघत न्हाई. पन हे तुला माहीत असायला पायजे, मागल्या येळी तू तेवढंच मागितलं हुतंस.

गेल्या महिन्यात मी अंगनात कुरडया घालत हुते. अमृत पुढ्यात येऊन उभा राहिला. म्हनला, "आक्का, कोड दे."

मला आदी खरंच वाटंना. म्हनलं, "तुज्या पोरीचा हात अजून बांधलेला हाय."

"म्हनूनच दे. डोळं मिटलं की तेच दिसतंय. ते लावलं की तेवढा येळ दिसत न्हाई."

मी हात धुतले. फोन कमरंला हुता, काढून हातात घेतला. म्हनलं, "देते. पन माज्याम्होरं लाव. ज्याच्यापायी पोरगी भाजली ते मीबी बघते काय असतंय ते."

त्याचं तोंड पांढरं पडलं. "आक्का, तू न्हाई."

"मी का न्हाई? त्यातल्या बाया कुनाच्या आक्का न्हाईत का?"

तसा त्यानं माज्या हातातला फोन वडला. माजं मनगट पिरगाळलं. मी ज्याला कडंवर घेऊन वाढवलं त्यानं. मी फोन सोडला न्हाई. कुरडयांच्या चिकाचं सगळं पातेलं उलटं झालं. शेजारचं मानूस कुंपनापाशी येऊन उभं राहिलं तवा त्यानं सोडलं, आन् तितंच मातीत खाली बसला. मी त्याला उठवलं न्हाई, जवळबी घेतलं न्हाई. लई जड गेलं.

दुसऱ्या दिवशी तुज्या भाऊजींनी जीप काढली, आमी त्याला नगरला मानसिक आजाराच्या डॉक्टरांकडं न्हेलं. बाई हुत्या. त्यांनी मला भाईर बसा म्हनलं, तर अमृतच म्हनला, आक्का बसू द्या. त्यांनी इचारलं, कदीपासून?

म्हनला, "आक्काचं लगीन झालं तवापासून."

त्या साली त्यो तेरा वर्षाचा हुता. मी नांदायला गेले. आई-बाप कारखान्यावर. चुलता दिवसातून एकदा डोकावून जायचा. बापानं खुशाली कळावी म्हनून एक फोन त्याच्याजवळ ठिवला हुता. बाजारात एक दुकान हुतं, मेमरी कार्डात गानी भरून द्यायचं. तितल्या मानसानं गान्यांबरुबर हे बी भरून दिलं. डॉक्टरबाईंनी इचारलं, तुमी कुनाला सांगितलं का न्हाई? तर म्हनला, "कुनाला सांगनार? घरात कुनी नव्हतंच. नुसता कुनाचा तरी आवाज यावा म्हनून लावायचो."

मी तितंच बसून आयकलं. मला वाटत हुतं मी त्याला पुरता वाढवला.

डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्यात, दर आठवड्याला बोलायला बोलवत्यात. म्हनल्या, अ‍ॅप राहू द्या, पन नुसतं अ‍ॅप लावून हे जानार न्हाई. त्यो आता गावात वेल्डिंगच्या दुकानात जातो. साधा बटनाचा फोन वापरतो. तरीबी गेल्या आठवड्यात दुकानातल्या दुसऱ्याचा फोन घेऊन बघितलं. संध्याकाळी घरी येऊन त्यानं सोताच सांगितलं. मी तुला सांगितलं. आता ह्याच्यापुढं काय झालं, बरं का वाईट, तर मी तुला कळवनार. तू उत्तर दे का न दे.

राजेश्वरी


देवळाली प्रवरा
९ जून

आक्का,

तुमची दोन्ही पत्रं वाचली. दुसरं दोनदा वाचलं. तेरा वर्षांच्या मुलाचं वाईट वाटलं. पण कडी लावून घेणारा माणूस तीस वर्षांचा होता, आणि निकूला तीनसुद्धा पूर्ण झालेली नव्हती. ते मला एकमेकांतून वजा करता येत नाही.

मी परत नांदायला येणार नाही. वकिलांशी बोलले आहे. तुमच्यावर माझा राग आहे आणि तो लवकर जाईल असं वाटत नाही, तरी पत्र लिहायचं थांबवू नका.

काल अमृत येऊन गेला. मीच येऊ दिलं, माझ्यासमोर, ओसरीवर, एवढ्या अटीवर. आप्पा त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत, पण उठून आतही गेले नाहीत. निकू माझ्या पाठीमागे उभी राहिली. त्याने तिला हाक मारली, ती आली नाही. त्याने पुन्हा मारली नाही.

तिच्या बोटांचा व्यायाम असतो. जखम भरताना कातडी आवळली गेली आहे, त्यामुळे एकेक बोट धरून वाकवायचं आणि सरळ करायचं. तिला फार दुखतं. रोज मी करते आणि रोज ती मला मारते, चावते. काल वेळ झाली तेव्हा मी निकूला त्याच्यासमोर बसवलं आणि म्हटलं, "आज तू कर."

मी त्याला कसं धरायचं ते दाखवलं. मला वाटलं, तो जाईल उठून. पहिलं बोट वाकवलं तशी निकू किंचाळली आणि त्याने लगेच हात सोडला. म्हणाला, "नको, तिला दुखतंय."

मी म्हटलं, "दुखणारच. तू सोडलंस की बोटं अशीच राहतील."

ती रडत होती, "सोड, सोड" म्हणत होती, आणि तो करंगळीपर्यंत गेला. मग पुन्हा पहिल्या बोटापासून. आप्पा दुसरीकडे बघत होते. सगळं झाल्यावर निकू माझ्या कुशीत शिरली आणि तो तसाच बसून राहिला, हात पुढे धरून, जणू ते कुठे ठेवायचे ते त्याला माहीत नव्हतं.

जाताना विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ?"

मी म्हटलं, "व्यायाम रोज असतो. रविवारचा तू घेत जा. दुसरं काही विचारू नकोस."

तो बरं म्हणाला आणि साखर कारखान्याच्या एसटी स्टॉपकडे चालत गेला. मी निकूला म्हटलं, पप्पाला टाटा कर. तिने हात वर केला नाही. नंतर लक्षात आलं, तिचा हात अजून दुखत होता.

धनश्री